न बोललेला नवस

मालगुंडच्या दक्षिणेला, समुद्राच्या काठावर आमची खारव्यांची वाडी आहे. चाळीस-पंचेचाळीस घरं, आणि सगळी मासेमारीवर जगणारी. त्यातल्या एका घरात सन एकोणीसशे सत्तावीस ते तीस, अशी पावणेतीन वर्षं, चुलीवर मासा चढला नाही. ते घर माझ्या आजोळचं. घरधनी धाकू तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, हा माझा आजा. आणि हे सगळं जिच्या डोक्यातून निघालं ती चिमा, माझी आजी.

लोक तिला चिकट म्हणत. अजून म्हणतात. कुणी पाहुण्याला नुसतं पाणी पाजून वाटेला लावलं, की आमच्याकडं विचारतात, "चिमाकडं जाऊन आलास काय?" ती फार प्रेमळ होती असं खोटं मीही सांगणार नाही. लहानपणी मी खोबऱ्याचा तुकडा मागितला, तर आधी ती सकाळच्या तुकड्याचं काय झालं ते विचारायची. पण तिला चिकट म्हणणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नाही की तिनं नेमकं काय वाचवलं आणि त्यापायी काय गमावलं. मला हे माझ्या आईनं, हिरानं, सांगितलं. थोडं आजीनं स्वतः सांगितलं, तेही चिंच फोडता फोडता, माझ्याकडं न बघता.

सव्वीस सालच्या कार्तिकात वादळ झालं. आज्याची होडी किनाऱ्यावरच्या खडकांवर आपटून एका बाजूनं उघडी पडली आणि जाळं कायमचं गेलं. भिकाजीशेट हा आमच्या किनाऱ्यावरचा मासळीचा व्यापारी. मासळी विकत घ्यायची, खारवायची आणि गलबतानं मुंबईला पाठवायची, हा त्याचा धंदा. त्यानं दोनशे रुपये मोजून दिले. व्याज घेत नाही, हे तो छातीला हात लावून सांगायचा, आणि ते खरंही होतं. फक्त कर्ज फिटेपर्यंत होडीवरची मासळी त्यालाच द्यायची आणि भाव तो सांगेल तो. त्या भावातच व्याज मुरलेलं असे. भिकाजीशेट काही राक्षस नव्हता. ओटीवर आलेल्याला गुळाचा चहा द्यायचा, पोरांची नावं घेऊन चौकशी करायचा. मला तर वाटतं, तो थोडा खाष्ट असता तर निम्मी वाडी त्याच्या वहीत गेलीच नसती.

पहिल्या हंगामात पंचेचाळीस रुपये वळते झाले. आजा खूश. मग पावसाळा आला आणि होड्या वर ओढल्या गेल्या. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहीपर्यंत आमच्याकडं कोणी होडी पाण्यात घालत नाही. तेवढे दिवस खायचं काय? तर शेटकडून खावटी आणायची. खावटी म्हणजे पावसाळ्यापुरतं उधारीचं धान्य. त्या साली चाळीस रुपयांची खावटी झाली आणि हिरा तापानं पडली तेव्हा औषधाला आठ रुपये उचलले. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आजी शेटच्या ओटीवर जाऊन आकडा विचारून आली. दोनशे तीन.

आजीला अक्षर येत नव्हतं, पण विसांत मोजायला ती कुणाला हार जाणारी नव्हती. दहा विसा आणि तीन. वर्षभर नवऱ्यानं अंगाचं मीठ केलं आणि वर तीन रुपये चढले. आज्याला दारूचं व्यसन असतं, पत्त्यांचा नाद असता, तर तिला भांडायला तरी काही मिळालं असतं. तसं काहीच नव्हतं. आणि शेजारी बाबल्याचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. त्याचा आकडा तीनशेवर गेला तसा शेटनं गोड बोलून त्याची होडी आपल्या नावावर करून घेतली. आता बाबल्या स्वतःच्याच जुन्या होडीवर खलाशी म्हणून जात होता, आणि शेट त्यालाही चहा देत होता. आपली होडी तशी जाऊ द्यायची नाही, एवढं आजीनं त्या ओटीवरून उतरताना ठरवलं.

तिला एक गोष्ट दिसली, जी वाडीतल्या पुरुषांना दिसली नव्हती. कर्ज होडीचं नव्हतंच, पावसाळ्याचं होतं. पुरा हंगाम मिळाला तर साठेक रुपये फिटणार होते, आणि पावसाळा त्यातले बहुतेक परत चढवणार होता. खावटीचा एक दाणाही न घेता पावसाळे काढले, तर तीन हंगामांत आकडा जवळजवळ संपत होता. पण खावटीऐवजी खायला धान्य हवं, आणि धान्याला पैसा हवा. घरात येणारा सगळा पैसा तर शेटच्या वहीतून येत होता.

एकच गोष्ट शेटच्या वहीबाहेर होती. होडी किनाऱ्याला लागली की प्रत्येक माणसाला घरच्या कालवणापुरती मासळी मिळते. हा वाटा जुना आहे. व्यापारी त्याला हात लावत नाही आणि तो कोणी मोजतही नाही. तांडेलाला थोडा जास्त मिळतो. आजीनं ठरवलं, हा वाटा खायचा नाही. सगळा सुकवायचा. कोळंबी सोलून सोडे करायचे, बांगडे चिरून खारवायचे. मग ते वरच्या कातळापलीकडच्या कुणबी वाड्यांत नेऊन भाताच्या बदल्यात द्यायचे. तिथं भात होतं आणि मासळी नव्हती.

अडचण दुसरीच होती. खारव्याच्या घरात चार दिवस मासा शिजला नाही तर पाचव्या दिवशी सगळ्या वाडीला कळतं. आठवड्याच्या आत शेजारणींनी विहिरीवर तिला घेरलं. कोणी म्हणाली, आजारी आहेस काय. कोणी म्हणाली, धाकूनं माळ घातली काय. खरं सांगावं तर ते संध्याकाळपर्यंत भिकाजीशेटच्या ओटीवर जाणार, आणि कालवणाची मासळी विकायला जाते म्हटल्यावर तो तीही मागणार. आजीनं कळशी उचलली आणि बोलून गेली, "नवस हाय देवीचा. म्हावरा सोडलाव आमी."

"कसला गो नवस?"

"नवस सांगतत काय कोणी?"

विषय तिथंच मिटला. नवस उघड करू नये, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. पुढं पावणेतीन वर्षांत तिला कोणी एक अक्षर विचारलं नाही. उलट बाया तिच्यासमोर कालवणाच्या गोष्टी काढायच्या थांबल्या. इथवर मला आजीच्या हुशारीचं कौतुकच वाटतं. पण तिनं एक चूक केली, आणि ती विहिरीवर नाही, घरी केली. संध्याकाळी आज्यानं विचारलं, "चिमे, नवस बोललीस म्हनतत, खरा काय?" तेव्हा तिनं "होय" म्हटलं.

का म्हटलं? आजा साधा माणूस होता. पोटात काही राहायचं नाही त्याच्या. होडीवर सहा माणसं, रात्ररात्र एकत्र. चौथ्या दिवशी तो सगळं सांगून मोकळा झाला असता. शिवाय रात्रभर वल्हं मारून आलेल्या माणसाला पेज आणि आमसुलाचं सार का वाढतेस, याला देवीचं नाव हे एकच उत्तर पुरणारं होतं. कर्जाचं नाव घेतलं असतं तर तो म्हणाला असता, दोन बांगड्यांनी काय होडी बुडते? आजीनं हे मला सांगितलं तेव्हा तिची चूक कबूल करायची तयारी होती, पण माफी मागायची नव्हती. ती म्हणाली, "दुसरा काय सांगला असता तर ऐकलान नसता त्यानी."

मग सुरू झालं. सकाळी पेज, दुपारी भात आणि कुळथाची पिठी, रात्री उरलेला भात आणि सार. चतुर्थीला नारळ. हिरा तेव्हा नऊ वर्षांची. अंगणात मांडवावर मांदेली वाळत घातलेली, कावळ्यांवर राखण करायला तिलाच बसवलेलं, आणि तोंडात घालायची बंदी. आई अजूनही हे सांगताना रागावते. मी तिला म्हटलं, एखादी उचलायची. तर म्हणाली, उचलली होती. आजीनं मोजून ठेवलेल्या होत्या.

आज्याची कसोटी घरात नव्हती, होडीवर होती. खलाशी होडीवरच ताज्या मासळीचं तिखट करीत. आजा सुकाणूवर बसून आपल्या फडक्यातला भात कांद्याबरोबर खाई. घरचं कोणी बघत नव्हतं, बायको कोसावर होती; तरीही त्यानं कधी हात पुढं केला नाही. नवस म्हणजे नवस. एक खलाशी एकदा त्याला म्हणाला, "देवीला काय समुद्रात दिसता?" आजा म्हणे दिवसभर त्याच्याशी बोलला नाही.

फाल्गुनापासून वैशाखापर्यंत आजी पंधरा दिवसांतून एकदा पाटी डोक्यावर घेऊन पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढायची. वर सडा, म्हणजे जांभ्याचा सपाट कातळ; दोन कोस सावली नाही. पलीकडच्या वाडीत सोनूबाई नावाची कुणबीण होती. तिचा नवरा मुंबईला गिरणीत, शेत ती स्वतः करायची. तिला पावसाळ्यासाठी सुकी मासळी हवी असायची, आणि तिच्या शब्दावर आसपासच्या दहा घरांतल्या बायाही घ्यायच्या. सोडे सगळ्यांत महाग. मासळीच्या बदल्यात भात, थोडी नाचणी. ते सगळं एका खेपेत उचलून आणणं शक्य नव्हतं, आणि घरी आणलं तर दिसलं असतं. सोनूबाईनं स्वतःहून एक रिकामी कणगी दिली. "तुजा भात ह्यात. माज्यात मिसळायची नाय मी," ती म्हणाली, आणि तीन वर्षं तिनं तो शब्द पाळला. आज्याला काय सांगितलं? मासळी सोनूबाईकडं देते, भात घेते, आणि नवसाचं आहे तेव्हा बाहेर बोलायचं नाही, एवढं सांगितलं. नवसाची मासळी टाकून द्यायची नाही, एवढंच त्याला कळलं आणि पटलं.

अठ्ठावीस सालचा पावसाळा हा पहिला. त्या वर्षी आजीनं खावटी घेतली नाही. आदल्या वर्षी होडी वर ओढल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत किती दिवस गेले, ते तिनं भिंतीवर काव लावून मोजलेले होते. तेवढ्या दिवसांचा भात तिनं मापून आणला, एक पायली जास्त नाही. जास्तीचं सोनूबाईकडं ठेवलं नव्हतं. पहिलंच वर्ष, तेवढं जमलंच नव्हतं. आणि इथं ती फसली. पाडव्याला भट येऊन वाडीत नव्या वर्षाचं पंचांग वाचतो, त्या दिवशी ती सड्यावर पाटी घेऊन चालत होती. त्या साली श्रावण दोन होते. धोंड्याचा महिना मध्ये आल्यानं नारळी पौर्णिमा आदल्या वर्षीपेक्षा अठरा दिवस पुढं गेली. हे तिला आषाढात एका शेजारणीच्या बोलण्यातून कळलं.

अठरा दिवस, तीन माणसं आणि भात संपलेला. टाकळ्याची भाजी, रानातले करांदे, नाचणीचं पातळ आंबील. आजी शेवटी जेवायची, म्हणजे बहुतेक वेळा जेवायचीच नाही. अशात भिकाजीशेटनं माणूस पाठवला. निरोप अगदी मायेचा होता: अधिक महिना आहे, लाजू नका, अठरा दिवसांचं घेऊन जा, लिहून ठेवतो.

आज्यानं पिशवी हातात घेतली. "मी जातो. पोरीची हाडा दिसायला लागली."

आजी उंबऱ्यात उभी राहिली. खावटी एकदा सुरू झाली की पुढच्या वर्षीही लागणार, हे तिला समजावून सांगायचं होतं. पण ती काही बोलायच्या आत आजाच खाली बसला. पिशवी मांडीवर ठेवून तो म्हणाला, "तू नको म्हनतंस ते बरोबर हाय. देवी बगता आपल्याला. येवडा काढलाव, आता कच खाल्ली तर पोरगा कसा देल ती?"

आजीला तेव्हा कळलं. हिराच्या पाठचा त्यांचा एकुलता मुलगा दोन वर्षांचा होऊन पंचवीस साली तापानं गेला होता. त्यानंतर काही झालं नव्हतं. नवस कशाचा, हे आज्यानं कधी विचारलं नव्हतं, विचारायचं नसतं म्हणून. पण त्याच्या मनात दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. वर्षभर हा माणूस दुसरा मुलगा व्हावा म्हणून कांद्याशी भात खात होता.

तिथं तिनं तोंड उघडायला हवं होतं. माझं तिच्याशी यावरून एकदा भांडणही झालं. पण ती म्हणाली, सांगितलं असतं तर तो त्याच पावली शेटकडं गेला असता, आणि येताना मासळीही घेऊन आला असता. मग होडीही गेली असती. आज्यानं पिशवी खुंटीला अडकवली आणि शेटच्या माणसाला रिकामं परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ती भर पावसात सडा ओलांडून सोनूबाईच्या शेतात बेणणीला गेली, म्हणजे भातातलं गवत काढायला. तांडेलाची बायको दुसऱ्याच्या चिखलात, ही आमच्यात नाचक्कीची गोष्ट. दिवसाचं एक वेळ जेवण आणि संध्याकाळी शेर-दीड शेर भात. जेवणातलं अर्धं ती पानात बांधून हिरासाठी आणायची. सोनूबाईनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवसापासून पान वेगळं बांधून द्यायला सुरुवात केली. तसे अठरा दिवस गेले. नारळी पौर्णिमेला शेटच्या वहीत एकशे त्रेचाळीस होते आणि पावसाळ्यात त्यात एक पैसाही वाढला नव्हता.

पुढचं सोपं गेलं असं नाही, पण सवयीचं झालं. एकोणतीसच्या पाडव्याला आजी पहिली जाऊन पंचांग ऐकायला बसली. त्या पावसाळ्यात भात पुरून उरला. हंगामाअखेर त्र्याऐंशी, त्याच्या पुढच्या हंगामाला तेवीस. सोनूबाईच्या कणगीत तोवर चांगलं चाळीस रुपयांचं भात साठलं होतं, म्हणजे आजीच्या अंदाजानं चाळीसचं. विकायला काढलं तेव्हा भाव पडला होता, सव्वीस आले. तेवीस शेटला, तीन शिल्लक. तिच्या आयुष्यातली पहिली बचत ती. तीन रुपये.

तीस सालच्या वैशाखात ती आणि आजा दोघं शेटच्या ओटीवर गेली. शेटनं पैसे मोजले, वहीत आडवी रेघ मारली आणि चहा मागवला. "खातं मोकळं कशाला ठेवता?" तो म्हणाला. "नवं जाळं घ्या, मी आहे ना." आजीनं चहा पूर्ण संपवला, कारण तो फुकट होता, आणि "बगू" म्हणून उठली. होडी वाचली होती.

त्या दिवशी तिनं तीनपैकी अर्धा रुपया मोडून सरंगा विकत घेतला. स्वतःच्या होडीवरचा सोडून विकतचा, कारण तिला मोठा हवा होता. ओलं खोबरं वाटलं. हिरा चुलीपासून हलेना. आज्याचं ताट मांडलं, वाढलं, आणि आजा ताटाकडं बघत उभाच राहिला.

"ह्या काय?"

"बसा. फिटला सगळा."

"नवस कुठं फिटला?" आजा म्हणाला. "पोरगा कुठाय?"

आजीनं सगळं सांगितलं. उभ्यानं, पदर न सावरता, विहिरीपासून सड्यापर्यंत सगळं. आई तिथंच होती. ती म्हणते, आजीचा आवाज एकदाही कापला नाही, आणि म्हणूनच ऐकवेना. आज्यानं एकच विचारलं.

"देवीम्होरं तू कायच बोलली नव्हतीस?"

"नाय."

आज्यानं खुंटीवरचं फडकं काढलं. मग म्हणाला, "मी बोललो हुतो. रोज. होडी पान्यात घालताना." आणि किनाऱ्यावर निघून गेला. संध्याकाळी परत आला, पेज मागितली, खाल्ली. सरंगा सगळा हिरानं खाल्ला. पोटभर, एकटीनं, आणि तिला त्याची चव आठवत नाही.

त्यानंतर आज्यानं मासा खाल्ला नाही. आजीनं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. तो शांतपणे म्हणायचा, "तुजा खोटा हुता. माजा खरा हाय." घरात हिरासाठी कालवण होऊ लागलं, पाहुण्यांसाठीही कधीमधी, आज्याच्या ताटात पिठी. आजीनंही खाल्लं नाही. तिला कोणी मना केलं नव्हतं. तो नाही तर मी कशी खाऊ, असंही ती कधी म्हणाली नाही. फक्त वाढून झाल्यावर ती स्वतःला सार घ्यायची.

त्या वर्षीच्या नवरात्रात देवळात वाडी जमली होती. रावजी गावकर म्हणजे वाडीचा मानकरी. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "धाकू, कर्ज फिटला म्हनतत. मग नवस कदी फेडतंस? वाडीला जेवान कदी?" वाडीचं जेवण म्हणजे चाळीस रुपयांना मरण. पण आजीला पैशांची भीती वाटली नाही. नवरा आता देवीसमोर खरं सांगणार, आणि उद्यापासून विहिरीवर तिचं तोंड दाखवायची सोय राहणार नाही, याची वाटली. तिनं खाली बघितलं.

"नवस माजा हाय," आजा म्हणाला. "कर्जाचा नाय. फिटला की सांगन."

घरी येताना दोघं मागंपुढं चालली. आजीला त्याच्या पाठीला हात लावावासा वाटला, असं तिनं मला सांगितलं. मी विचारलं, लावलास का? ती म्हणाली, रस्त्यात माणसं होती.

दिवस बरे आले. मासळी आता मिळेल त्या भावाला, हव्या त्या व्यापाऱ्याला जात होती. सुकवायचं आणि सडा ओलांडायचं आजीनं सोडलं नाही. तेहतीस साली नवं जाळं रोखीनं आलं. पस्तीस साली हिराचं लग्न झालं आणि त्याला कुणाकडून उसनं घेतलं नाही. वाडीत असं पहिल्यांदाच घडलं असावं. उरलेले पैसे आजीनं रत्नागिरीच्या पोस्टात ठेवले. पुस्तक हिराच्या जुन्या झबल्यात गुंडाळलेलं असायचं. मुलगा झाला नाही. आजीला बेचाळिसावं लागलं, मग त्याबद्दल कोणी बोलेनासं झालं. हंगामात रोज पहाटे आजा होडी पाण्यात घालताना काही क्षण थांबायचा. आजी अंगणातून बघायची. आठ वर्षं तिनं ते बघितलं. याला मी शिक्षा म्हणते. आई म्हणते, नाही, तो तसा माणूस नव्हता. मला अजून ठरवता आलेलं नाही.

अडतीसच्या मार्गशीर्षात हिरा बाळंतपणाला माहेरी आली. सकाळी बाळ झालं. मुलगी. सुईणीनं सांगितलं आणि आजी दाराला टेकून बसली. तिनंही मनात धरून ठेवलं होतं, नातू झाला तर हे संपेल. पोरीला न्हाऊ घालून सुपात ठेवेपर्यंत आजा होडी घेऊन आला. आत डोकावला, पोरीकडं बघितलं, तिच्या मुठीत बोट घालून बघितलं आणि परत किनाऱ्यावर गेला. आला तेव्हा हातात दोरीला अडकवलेले सहा बांगडे होते.

"कालवान कर," तो म्हणाला.

"पोरगी हाय," आजी म्हणाली.

"बगितली मी."

"मग नवस?"

"फिटला. देवी काय माज्यासारखी आडमुठी नाय." मग बांगडे तिच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "रावजीला सांगून आलो. वाडीला जेवान घालू. पोष्टातले काड."

आजीनं किती लागतील ते विचारलं नाही. तिनं बांगडे साफ केले, वाटण वाटलं, भात टाकला. आजा ताटावर बसला. पहिल्याच घासाला त्याच्या घशात काटा अडकला. अकरा वर्षांत काटा काढायची सवय गेली होती. तांडेलाला काटा लागला, हे वाडीत पुढं वर्षभर हसण्यावारी चाललं. आजीनं कोरड्या भाताचा गोळा त्याच्या तोंडात कोंबला, पाठीवर दोन गुद्दे घातले, आणि मग तिला रडू कोसळलं.

काटा उतरल्यावर आज्यानं पाणी प्यायलं. "तुजा ताट कुठाय?"

"मी मागना जेवतंय. तुमी जेवा."

"अकरा वर्सा मागनाच जेवतंस. बस."

ती बसली. नवऱ्याच्या पंक्तीला, पहिल्यांदा, डोळे पुसत. आई आतल्या खोलीतून ऐकत होती. ती सांगते, फक्त काटे ताटात टाकल्याचा आवाज येत होता. आत मी घसा फोडून रडत होते, आणि जेवण संपेपर्यंत दोघांपैकी कोणीही उठलं नाही.